पूजेत मांडलेला फुगा

"ही फाटकी बॅग इमर्जन्सी ट्रेमध्ये कुणी ठेवली?" मोठ्या सिस्टर ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा की पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलातून निघाला की कर्नाळ्याच्या सुळक्याला आपटून परत यायचा, आणि तोवर त्यांचं दुसरं वाक्य तयार असायचं. समोर खाटेवर कोन गावची मथुरा पडली होती. विशीबाविशीची, भात कापताना तासाभरापूर्वी नाग चावलेला. पापण्या मिटत चाललेल्या, मान टाकलेली, आणि श्वास असा की पुढचा येईल की नाही याची वाट बघत आम्ही सगळे आपापला धरून उभे. अशा वेळी रबराचा तो फुगा, आम्ही त्याला अँबू बॅग म्हणतो, पेशंटच्या तोंडावर मास्क लावून दाबायचा, म्हणजे छातीत हवा जाते. मोठ्या सिस्टर दाबत होत्या, पण फुग्याच्या कुशीत बोटभर चीर. हवा मथुरेच्या छातीत जायच्या ऐवजी सिस्टरांच्या टोपीखालचे केस उडवत होती. कुणी ठेवली, हे मला पक्कं माहीत होतं. मीच ठेवली होती. त्याच दिवशी, सकाळी, अंघोळ करून, भक्तिभावाने.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मला नोकरीला लागून जेमतेम दीड महिना झाला होता. तीन वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये मला चादरीचा कोपरा कसा मुडपायचा हे सत्तर हजार वेळा शिकवलं होतं, पण खंडेनवमीला वॉर्डात काय करतात हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पूजेत बसतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत, एवढं मला घरून ठाऊक. आता दवाखान्यात सगळीच हत्यारं पूजेत बसवली तर पेशंटनीही दसऱ्यापर्यंत थांबायला हवं. म्हणून आमच्या वॉर्डाने फार वर्षांपूर्वी स्वतःपुरता तोडगा काढला होता. देवीपुढे मोडकं सामान मांडायचं. पारा नसलेलं ब्लडप्रेशरचं मशीन, गंजलेली कात्री, अर्धा थर्मामीटर, फाटकी अँबू बॅग. चालू सामानाला जागच्या जागी कुंकवाचं एक बोट लावायचं आणि कामाला जुंपायचं. वर्षानुवर्षं तीच भंगारमंडळी पूजेला बसत होती. त्यातल्या काहींना आमच्यापेक्षा जास्त सर्व्हिस झाली असेल.

हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. हिराबाई मावशी, आमच्या वॉर्डाच्या आया, ड्यूटीरूममधल्या टेबलावर ते भंगार मांडत होत्या, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. जिच्यासाठी नऊ दिवस माझी आई घरी अखंड दिवा सांभाळत होती, तिच्यापुढे फाटका फुगा? मावशी झेंडूची माळ आणायला वळल्या तेवढ्यात मी ट्रेमधली नवी कोरी, काळी कुळकुळीत बॅग उचलून पाटावर ठेवली आणि फाटकी ट्रेमध्ये टाकली. वर हात जोडून देवीला सांगितलंही, बाई, तुला उत्तम ते दिलंय, आता मला या मोठ्या सिस्टरांच्या तोंडापासून वाचव. म्हणजे भक्ती कसली, सौदाच. तीन तासांत देवीने त्या सौद्याचं काय केलं ते तुम्ही बघताच आहात.

मी ड्यूटीरूमकडे जी धावले, ती अशी की वाटेतला सलाइनचा स्टँड माझ्या वाऱ्यानेच पडला असावा. आत मावशी पूजेपुढे ठाण मांडून बसलेल्या. मी बॅगेला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पूजा हाललीय का अजून? उद्या सकाली हात लाव, पोरी."

"मावशी, बाई मरतेय तिकडे."

मावशींनी पाटाकडे पाहिलं, नवा फुगा ओळखला, मग माझ्याकडे पाहिलं. मनगट सोडलं आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या. मी बॅग उचलली. तोंडाला झेंडूच्या पाकळ्या, झडपेत तांदूळ, सगळ्या अंगाला हळदकुंकू. पळता पळता स्पिरिटच्या बोळ्याने जमेल तेवढी पुसली. मोठ्या सिस्टरांनी ती हातात घेतली, तांदळाचा एक दाणा नखाने काढून टाकला, आणि दाबायला लागल्या.

डॉक्टरांनी मथुरेच्या घशातून नळी आत घातली, सापाच्या विषावरचं औषध सलाइनमधून सुरू केलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, औषध चढायला काही तास लागतील. तोवर हीच बॅग तिची छाती. तुमचा हात थांबला की ती थांबली." श्वास देणारं मशीन मुंबईला. मुंबईला नेणारी अँब्युलन्स सकाळीच दुसऱ्या पेशंटला घेऊन मुंबईला. फोन उचलला तर त्यातून नुसती समुद्राची गाज. मोठ्या सिस्टरांना ऑपरेशनला बोलावून नेलं. उरले मी, सलाइन बघणारी दुसरी नर्स, आणि मथुरेचा नवरा. त्याला म्हटलं, घटकाभर तू दाब. तो बिचारा म्हशीची धार काढावी तसा भराभरा दाबायला लागला. डॉक्टरांनी त्याला बाजूला केलं, तर तो खाटेच्या पायाला धरून खाली बसला आणि म्हणाला, "आमी तिला सांगितलंवतं, आज शेतान नको जाऊस." दर दोन मिनिटांनी तेच.

मी दाबत होते. पहिला तास गेला. अंगठ्यापासून खांद्यापर्यंत हात माझा राहिला नव्हता, कुणीतरी भाड्याने दिल्यासारखा वाटत होता. लय चुकायला लागली. एक श्वास लांब, एक आखूड. आणि मनात मी देवीशी जे भांडत होते ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तुला चांगलं दिलं ही माझी चूक झाली का? फाटकंच आवडतं का तुला? शिक्षा द्यायची तर मला दे, या पोरीने तुझं काय घोडं मारलं? मग शब्दही संपले. एकच उरलं, की माझ्याने आता होत नाही. हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, मला आठवत नाही. माझ्या आयुष्यात विनाअट केलेली पहिली प्रार्थना ती असावी. तिच्यात देवीचं नावही नव्हतं.

तेव्हा पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "बाय, सरका जरा." वळून पाहिलं तर एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला, कोळशासारखा काळा, माझ्या दुप्पट रुंदीचा माणूस. बाहेर बाकड्यावर दर दोन तासांनी डोळ्यात औषध घालून घ्यायला बसला होता, हे मी सकाळी येताना पाहिलेलं. गावाबाहेरच्या रस्त्याला लोहारकामाचं दुकान होतं त्याचं, आदल्या दिवशी डोळ्यात ठिणगी उडाली होती. दारातून किती वेळ तो माझा हात बघत उभा होता कोण जाणे. मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, काळे ते काळेच राहिले, आणि फुगा घेतला.

मला वाटलं होतं, त्या पंजात फुगा फुटणार. पण त्याने तो असा दाबला की मथुरेची छाती हळू वर आली, हळू खाली गेली, आणि पुन्हा तेवढीच वर आली. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला पंधरा. दहा मिनिटांनी मोजलं, पंधरा. तासाने मोजलं, पंधरा. त्या घड्याळाला किल्ली द्यायला मी विसरले असते तर त्याच्या हातावर लावून घेतलं असतं. तो बोलत नव्हता. एका डोळ्याने फक्त तिच्या छातीकडे बघत होता. मी नाडी मोजत होते, औषधं देत होते, जे मला येत होतं ते करत होते. हिराबाई मावशी मध्येच येऊन त्याला चहा पाजून गेल्या, बशी त्याच्या ओठाला लावून. चहा प्यायला, पण लय हलली नाही.

साडेचार वाजता मथुरेची भुवई हलली. मग एक पापणी अर्धी उघडली. मग लोहार म्हणाला, "बाय, आतून जोर लावते ती." डॉक्टरांनी बॅग क्षणभर काढायला सांगितली. आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत उभे. ती एकटीने वर आली. नवऱ्याने खाटेचा पाय सोडला आणि तिचा पाय धरला.

यात चमत्कार होता की नव्हता, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. औषधाने काम केलं, हे मलाही कळतं, तेवढं शिकलेय मी. पण औषध चढेपर्यंतचे ते तास कुणीतरी भरून दिले, आणि ते मी दिले नव्हते. देवीला चांगली वस्तू दिली म्हणजे ती आपली देणेकरी होते, हे माझं खूळ त्या दिवशी गेलं. हात टेकेपर्यंत करायचं आणि टेकल्यावर बाजूला सरकायचं, एवढंच आपल्याकडे. सरकायला मला फार जड गेलं होतं, हेही कबूल करते. त्या बाजूला सरकण्याबद्दल मी आजही दर नवरात्रात कृतज्ञतेने हात जोडते. मोठ्या सिस्टरांना मी संध्याकाळी सगळं खरं सांगितलं. त्या पुढचे आठ दिवस ओरडल्या. कान भरून ऐकलं.

पण त्याआधी मी धावत फाटकापर्यंत गेले होते. लोहार चप्पल घालत होता. मी भर रस्त्यात त्याला वाकून नमस्कार केला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि म्हटलं, "दादा, देवीनेच पाठवलं तुम्हाला."

तो दोन पावलं मागे सरकला.

"देवीचं म्हाईत नाय, बाय," तो म्हणाला. "आज भाता पूजेत हाय. म्हणून मोकळा होतो."