लेकीचं हृदय आणि माझ्या खुणा

माझं हृदय ठणठणीत आहे. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याने हे मला लेखी दिलंय, मी न मागता!

हृदयाचा आजार माझा नाही, लेकीचा. समीक्षा जन्मली तीच हृदयात भोक घेऊन. बाळ असतानाच ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून दरवर्षी आम्ही आमच्या वरठी गावाहून गाडी धरून नागपूरला तपासणीला जायचो. डॉक्टर प्रश्न तिला विचारायचे, उत्तर मी द्यायचो. (धाप लागते का? नाही. भूक? बरी. एकदा "शाळेत मैत्रिणी किती?" यालाही मीच उत्तर दिलं, तेही चुकीचं.)

यंदा तिला अठरा पूर्ण झाली आणि पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली. लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, आता मोठ्यांच्या विभागात जा. तिथे ती बोलेल, तुम्ही नाही. पुण्यात एकटी असताना छाती धडधडली, तर तिथल्या डॉक्टरला तिलाच सगळं सांगावं लागणार होतं. मला ते पटलं. इतकं पटलं की झोप उडाली.

घरी तालीम सुरू केली. मी डॉक्टर झालो. प्रश्न विचारायचो आणि तिने तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकायचो! शेवटी तिघं नागपूरला निघताना माझ्या बायकोने, मंगलाने, दम दिला, "तिथं एक शब्द बोलले तं पाहा. पोरीले बोलू द्या."

मोठ्यांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल समोर असूनही समीक्षालाच विचारलं, कोणतं ऑपरेशन झालं होतं? ती माझ्याकडे बघायला लागली. मी तर न बोलण्याचा शब्द दिलेला! म्हणून बाईंच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि खुणा सुरू केल्या. छातीवरून खाली बोट ओढलं. समीक्षा गोंधळली. ऑपरेशनाआधी दूध पितानाही दम लागायचा, हे सांगायला तोंड वासून धापा टाकल्या. तरी ती ढिम्म. मग दोन्ही हातांनी छाती गच्च धरली आणि डोळे फिरवले (ही चक्कर होती). नेमक्या तेव्हाच बाई मागे वळल्या.

पुढच्या क्षणी मी स्ट्रेचरवर! "मले काही नाही झालं," असं मी सांगत होतो; सगळे पेशंट तसंच सांगतात म्हणे. अंगावर वायरी चिकटल्या. सिस्टरने विचारलं, यांना काय काय त्रास आहे? आणि समीक्षा घडाघडा बोलायला लागली.

"बीपी हाये. गोळी सकाळची, पण विसरतात. तंबाखूचा खर्रा खातात, आईले सांगतात का सोडला म्हणून. सल्फाच्या गोळीनं अंगावर पुरळ येते."

मंगलाने खर्र्यावर माझ्याकडे पाहिलं, पण मला भरून आलं होतं. पोरगी तयार झाली होती! ईसीजीची पट्टी चांगली निघाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने म्हटलं, पाहा, कशी बोलते.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आजारासाठी ती पूर्ण तयार आहे. स्वतःच्या आजाराचं तिला नावही माहीत नाही."

मला तिथेच रडू यायला लागलं. पुण्याला जायला थोडेच दिवस उरले होते.

परतीच्या गाडीत समीक्षा माझ्याकडे वळली.

"बाबा, माह्या हार्टले नेमकं काय झालं होतं? भोक कुठं होतं? पूर्ण बुजलं, का अजून काही हाये?"

"सांगा ना आता," मंगला म्हणाली.

मी घसा खाकरला, सावरून बसलो, तोंड उघडलं. आणि तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं पोरीच्या वतीने धडाधड उत्तरं देणाऱ्या मला त्या भोकाबद्दल, ते भोक होतं, यापलीकडे एक अक्षरही ठाऊक नव्हतं.