तिच्या बोलण्याचा वेग

रविवारी दुपारी गुरुग्रामला लेकीच्या घरी बायकोचा जुना लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाहेर इतका धूर की समोरचा टॉवरही दिसत नव्हता...

घशाच्या ऑपरेशनमध्ये हिचा आवाज कायमचा गेला. तेव्हा मृणालने, आमच्या लेकीने, या लॅपटॉपमध्ये एक बोलणारा प्रोग्राम टाकून दिला. ही मराठीत टाइप करायची, मशीन बोलायचं... डब्यात तोंड घालून बोलावं तसं.

शाळेतल्या कवितांचा आमचा जुना खेळ त्यावरही चालला. अर्धी ओळ ती टाइप करणार, उरलेली मी म्हणणार. मशीन वृत्ताची पार वाट लावायचं आणि ही खांदे हलवत हसायची. मग दर वेळी तोच प्रश्न, ‘ऐकू आलं का?’ माझ्या कानांसाठी तिने मशीनचा वेगही अगदी कमी करून घेतला होता.

या हिवाळ्यात ती गेली.

त्या रविवारी वाटलं, ते बोलणं एकदा ऐकावं. पण प्रोग्राम कुठे दिसेना. मृणालला नुसतंच विचारलं, यात काय काय आहे ते कसं बघायचं गं? ती ऑफिसच्या कामात होती. मान वर न करता म्हणाली, "टर्मिनल उघडून dpkg -l टाइप करा बाबा. सब कुछ दिखेगा."

काळ्या पडद्यावर प्रोग्रामांच्या नावांच्या ओळीच ओळी आल्या. प्रत्येकीच्या आधी ii... जणू वर्गात हजेरी चाललीय. खाली खाली जात राहिलो आणि त्या प्रोग्रामचं नाव सापडलं. त्याच्या आधी मात्र rc.

"मृणाल, rc म्हणजे काय गं?"

तिचे हात थांबले. "म्हणजे प्रोग्राम काढलाय... सेटिंग तेवढी राहिलीय."

"कोणी काढला?"

"मीच. आई गेल्यावर तो आवाज परत कानावर पडेल याची भीती वाटायची. मला सहन नसतं झालं, बाबा."

मी परत त्या rc कडे बघितलं. तीच पुढे म्हणाली, "सेटिंगसकट साफ करायची पण कमांड असते. ऑफिसमध्ये मी तीच मारते. इथे नाही मारता आली."

मग उठून माझ्या शेजारी बसली आणि न विचारता प्रोग्राम परत टाकला. जुनी सेटिंग आपोआप लागली. "घ्या. टाइप करा."

आता आली का पंचाईत... टाइप नेहमी तीच करायची. कवितेची एक ओळ आठवेल तर शपथ. शेवटी एका बोटाने तिचाच प्रश्न टाइप केला.

‘ऐकू... आलं... का...’ मशीन म्हणालं. तिच्याच वेगाने.

सवयीने मी "हो" म्हणून गेलो. मृणाल चष्मा काढून पुसत बसली.

आवाज तिचा नव्हताच कधी, मशीनचा होता. माझ्यासाठी सावकाश बोलणं तेवढं तिचं... आणि तेवढं पुसायला माझ्या लेकीचा हात धजला नाही. हे मला तिच्या तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.