लेन्सवरचा डाग

बाबा सकाळपासून कॅमेऱ्याची लेन्स पुसतायत. त्यासाठी आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा त्यांनी जपून ठेवलाय. मे महिन्यात कोकणात जायचं आणि खडकाळ किनाऱ्याने आम्ही दोघांनीच फोटो काढत हिंडायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलंय.

"अमावास्येच्या आसपास जाऊ," ते म्हणाले. "तेव्हा संध्याकाळी ओहोटी असते. खडक पार उघडे पडतात, ऊनही तिरपं असतं. कॅलेंडरात तिथी बघ गं."

तिथी आता मलाच वाचून दाखवावी लागते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की, डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, गेलेली नजर परत येणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि कॅमेरा बाहेर काढला.

समुद्राचं बरं असतं. तो कधी मागे सरणार, कधी परत येणार, हे भिंतीवरचं कॅलेंडर सांगतं. माणसातून जे ओसरतं त्याला तिथी नसते. आपण जवळ बसून नुसतं बघत राहायचं.

बाबांनी कॅमेरा खिडकीकडे धरला, डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"मधोमध डाग आहे बघ. पुसून पुसून दमलो. गेला का?"

मी कॅमेऱ्यातून बघितलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा धागा न् धागा स्वच्छ दिसत होता.

"थोडासा राहिलाय, बाबा," मी म्हणाले.

त्यांना हायसं वाटलं. त्यांनी मलमलचा तुकडा पुन्हा हातात घेतला.