मनूचा कच्चा आवाज

नव्या मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड संपला. कॉन्फरन्स रूममधले दिवे लागले. चॅनलच्या केतकीने विचारलेला पहिला प्रश्न चित्रांबद्दल नव्हता.

"मनूला आवाज कोणी दिलाय?"

निलेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमच्या जुईने. बॅकग्राउंड आर्टिस्ट आहे."

"म्हणजे आर्टिस्ट? व्हॉइसवाली नाही?"

"नाही. हा कच्चा ट्रॅक आहे."

कच्चा ट्रॅक म्हणजे काय, ते आधी सांगते. मी एडिटर आहे. पूर्वी न्यूज चॅनलला होते. तिथे घडलेलं शूट होऊन यायचं आणि मग मी कापायचे. अ‍ॅनिमेशनमध्ये उलटं असतं. चित्रं हलायच्या आधीच एपिसोड एडिट होतो. स्टोरीबोर्डची साधी रेघांची चित्रं ओळीने लावायची आणि त्यांच्याखाली संवाद घालायचे. कोण किती वेळ बोलतो, कुठे थांबतो, हे त्यावरून ठरतं, आणि मगच अ‍ॅनिमेटर काम सुरू करतो. या टप्प्याला आवाज ऑफिसातलं कोणीही देतं. पुढे व्यावसायिक कलाकार येतात आणि हा आवाज पुसला जातो. तो बाहेर कोणी ऐकायचा नसतो.

जुईचा आवाज चॅनलने ऐकला, कारण पायलट घाईत दाखवावा लागला.

मालिकेचं नाव 'शेवटून दुसरा बाक'. आठवीतले चार मित्र, उपनगरातली मराठी शाळा, आणि चित्रांची ढब जपानी मांगा कॉमिक्सची. या ढबीत कोणी ओशाळलं की त्याच्या डोक्यावर डोक्याएवढा घामाचा थेंब येतो. कोणी चिडलं की ते खोलीएवढं मोठं होतं आणि बाकीचे अंगठ्याएवढे. मध्येच सगळं काळं-पांढरं होतं आणि थांबतं. त्या थांबण्यात विनोद असतो.

मालिका निलेशची होती. तो वाकोल्याचा. जुई खारदांड्याची, कोळ्यांच्या घरातली. दोघं सांताक्रूझच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. मनू ही मुलगी निलेशने जुईवरूनच काढली होती. चूक स्वतःची असली की आवाज आणखी चढवणारी. हे तो लपवत नसे, आणि जुईही भेटेल त्याला सांगायची की याने माझी अब्रू विकून मालिका काढली आहे.

कच्चा ट्रॅक आम्ही जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड करायचो. आमचा स्टुडिओ अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आहे. खालच्या गाळ्यात प्लास्टिकची झाकणं बनतात. ते मशीन जेवणाच्या वेळेत बंद असतं आणि तेवढीच शांतता मिळते. एसी बंद करायचा, टेबलावर टॉवेलची घडी ठेवायची, त्यावर रेकॉर्डर. एका बाजूला जुई, समोर निलेश. मनू जुई, बाकी सगळे निलेश. दोघांचे डबे उघडे. तो तिला मुद्दाम हसवायचा, ती त्याच्या डब्यातलं उचलायची. मधल्या शिव्या आणि हसणं मी कापून टाकायचे. जे उरायचं ते इतकं स्वच्छ असायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी समोर कोणी नसताना बोलते आहे.

पायलटमध्ये बोंबलांचा प्रसंग होता. मनूने डब्यात सुके बोंबील आणलेत. वर्गभर वास सुटलाय. बाई विचारतात, कसला वास? मनू उभी राहून सांगते, "बाई, ओंकारचे मोजे." ओंकार हा तिचा सगळ्यात सज्जन मित्र. त्याच्या डोक्यावर थेंब येतो. बाई मनूचं दप्तर उचलतात. डबा खाली पडून उघडतो. सगळं काळं-पांढरं. शांतता. सगळे मनूकडे बघतात. आणि मनू म्हणते, "काय?"

जुई तो शब्द उशिरा म्हणायची. आता नाहीच म्हणणार असं वाटेपर्यंत थांबायची, आणि मग अगदी हळू, जणू चूक विचारणाऱ्याचीच आहे. चॅनलची माणसं तिथे हसली. मालिकाही बहुधा तिथेच मंजूर झाली.

केतकी म्हणाली, आवाज छान आहे, पण पूर्ण सीझनसाठी अनुभवी कलाकार लागेल. लहान मुलांचे आवाज वर्षानुवर्षं देणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यातल्या काही जणींची टेस्ट घेऊ, तुमच्या जुईचीही घेऊ. क्लिप नुसत्या नंबरने ऐकू, नावं कोणाला सांगायची नाहीत. मागणी रास्त होती.

जुईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस वेगळीच होती. बॅकग्राउंड आर्टिस्ट म्हणजे वर्ग, फळा, पायऱ्या, गॅलरी काढणारा. त्याचं काम चांगलं झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. आवाजाचं काम मिळालं असतं तर ती पहिल्यांदा पुढे आली असती. तिने आईला सांगूनही टाकलं होतं. आईने मार्केटमध्ये शेजारच्या कोळणींना सांगितलं होतं, आमची पोरगी टीव्हीत बोलणार.

निलेशने मात्र स्वतःला एक नियम घालून घेतला. तो मला म्हणाला, "ताई, मी टेस्टला येणार नाही."

"का?"

"आलो तर उद्या म्हणतील, मैत्रिणीला चिकटवली. वशिला नको. तिच्या मेरिटवर येऊ दे."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं तर तोही वशिलाच ना."

टेस्टची स्क्रिप्टही त्याने तिला आधी दिली नाही, कारण इतरांना दिली नव्हती. जुई हसली. म्हणाली, "निल्या, बोंबील माझे, तोंड माझं आणि स्क्रिप्ट मलाच नाय?" तो म्हणाला, रूल आहे. त्याला वाटलं, तिला समजलं.

टेस्ट अंधेरी पश्चिमेच्या एका भाड्याच्या स्टुडिओत झाली. काचेपलीकडे बूथ, त्यात एक माइक आणि एक स्टँड. समोरच्या पात्राची वाक्यं रेकॉर्डिस्ट अलीकडून हेडफोनमध्ये वाचून दाखवतो. त्याने अभिनय करायचा नसतो, नुसतं वाचायचं असतं, म्हणजे सगळ्यांना सारखंच मिळतं. डबिंगमध्ये वर्षानुवर्षं असंच चालतं. सराव असलेल्यांना त्यात काही वाटत नाही.

जुई आत गेली, हेडफोन घातले आणि काचेतून आमच्याकडे बघत राहिली. मग माइकवरच विचारलं, "निल्या कुठाय?"

मी बटण दाबून सांगितलं, "तो येत नाहीये."

"कामात आहे?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. यायचं नाही असं ठरवलंय त्याने."

"बरं," ती म्हणाली आणि कागदाकडे पाहू लागली.

तिचा पहिला टेक झाला. शब्द बरोबर होते, उच्चार स्वच्छ होते, पण मनू नव्हती. डबा पडल्यावरचं "काय?" लगेच आलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मॅडम, थोडा पॉज. दुसऱ्या टेकला तिने पॉज घेतला. मनात आकडे मोजून घेतलेला पॉज कानाला कळतो. तिसऱ्यालाही तेच.

काय होतंय ते मला दिसत होतं. टेबलापलीकडे निलेश ओंकारचं तोंड करून बसलेला असायचा. त्याचं हसू फुटायच्या बेतात येईपर्यंत ती थांबायची. तिचा पॉज त्याच्या चेहऱ्यावरून ठरायचा. इथे समोर काच होती आणि काचेत तिचा स्वतःचाच चेहरा.

मी केतकीला विचारलं, आत जाऊन समोर बसू का, ओंकारची वाक्यं मी वाचते. ती म्हणाली, "ताई, बाकीच्यांना कोणी समोर नव्हतं. अन्फेअर होईल." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी काचेअलीकडेच बसून राहिले.

त्याच आठवड्यात आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये क्लिप ऐकल्या. केतकी, तिचे वरिष्ठ, निलेश आणि मी. जुईची क्लिप दुसरी होती. ती संपल्यावर कोणी काही बोलायच्या आत निलेश म्हणाला, "दोन नंबर नको."

वरिष्ठांनी मान हलवली. केतकीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चार नंबरची निवड झाली. त्या बाई अनुभवी होत्या आणि त्यांची क्लिप खरोखर चांगली होती.

चॅनलची माणसं गेल्यावर मी निलेशला विचारलं, "दोन नंबर जुई होती. कळलं ना तुला?"

"पहिल्या शब्दाला कळलं."

"मग?"

"म्हणूनच आधी बोललो. मी गप्प बसलो असतो तर वाटलं असतं, तिलाच धरून बसलोय."

जिन्यात केतकी फोनवर बोलत थांबली होती. फोन संपल्यावर तिने मला जे सांगितलं ते मला अजून आठवतं. "आम्हाला वाटलं होतं, निलेश तिच्यासाठी अडून बसेल. क्रिएटरचा तेवढा हक्क असतो. तो अडला असता तर आम्ही पुन्हा टेस्ट घेतली असती. त्यालाच नकोय म्हटल्यावर विषय संपला."

हे मी निलेशला सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ पेन्सिलला टोक काढत राहिला. टोक आधीच होतं.

जुईला निकाल मीच सांगितला. तिने ऐकून घेतलं. "नाही घेतलं त्याचं काय नाय गं ताई. चार नंबरवाल्या बाई भारी आहेत, मी ऐकलंय त्यांना. पण तो आला नाही. शाळेत मी मार खाताना पण हा बाजूला उभा असायचा."

दुसऱ्या दिवशी कामाच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: "निलेश सर, सीन सातचं बॅकग्राउंड अपलोड केलंय." मुंबईत बरोबरीचं माणूस बरोबरीच्या माणसाला सर म्हणायला लागलं, की समजायचं ते समजतं. निलेशने आधी हसण्याचं चिन्ह टाकलं. तिने काही टाकलं नाही. पुढचे सगळे मेसेज 'सर'वर सुरू झाले.

तो एकदा खारदांड्याला तिच्या घरी गेला. आई म्हणाली, "जुई नाय घरी. तू बस, जेवून जा." जुईच्या चपला दारात होत्या. त्याने तळलेली मांदेली खाल्ली, आईच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि परत आला. हे सगळं त्यानेच मला सांगितलं. म्हणाला, "आई विचारत होती, टीव्हीत कधी लागणार. जुईने घरी निकाल सांगितलेलाच नाही."

जुईने सीझनचं काम पूर्ण केलं. एकही बॅकग्राउंड उशिरा दिलं नाही. मग मालाडच्या एका गेमिंग कंपनीत गेली.

मालिका लागली. परीक्षणं बरी आली. मुलांना घामाचे थेंब आणि फुगणारी डोकी आवडली. दुसरा सीझन मिळाला नाही. जुईच्या आवाजाने तो मिळाला असता असं मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. एवढंच सांगू शकते, की पायलटच्या वेळी ज्या जागी माणसं हसली होती, त्या जागी नंतर कोणी हसलेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट राहिली. एपिसोड चॅनलला देण्याआधी त्याची तांत्रिक तपासणी होते. पहिल्या एपिसोडवर शेरा आला: मधल्या सुट्टीच्या दृश्यात दोन अनोळखी आवाज, करार आढळत नाही. मी ऐकून पाहिलं. वर्गाच्या गलक्यात मागे एक मुलगी खळखळून हसते आणि एक मुलगा म्हणतो, "गप गं, ताई रेकॉर्ड करतेय." कच्च्या ट्रॅकचा तुकडा गलक्याखाली राहून गेला होता.

मी निलेशला बोलावून ऐकवला. ठेवायचा असेल तर दोघांच्या सह्या लागतील, असं सांगितलं. त्याने पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "तिच्याकडे सही कुठल्या तोंडाने मागू? काढून टाक."

मी काढला. काढलेल्या जागी रूम टोन भरावा लागतो. रिकाम्या खोलीची शांतता आम्ही वेगळी रेकॉर्ड करून ठेवतो, त्याला रूम टोन म्हणतात. कुठल्या खोलीची शांतता भरली हे पाहणाऱ्याला कळत नाही. मी आमच्या कॉन्फरन्स रूमची भरली.

हल्ली आवाजाच्या टेस्टला गेले, की बूथमध्ये समोर आणखी एक खुर्ची ठेवायला आणि तिच्यावर वाक्यं वाचणारा बसवायला सांगते. येईल त्या प्रत्येकासाठी, म्हणजे अन्फेअर होत नाही. विनोदात गप्प बसायलाही समोर कोणीतरी लागतं. एवढं शिकायला फार खर्च आला नाही. फक्त एक मैत्री लागली, आणि तीही माझी नव्हती.