पुलाशेजारची मिल्ट्री बोट

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांएवढा कडक फौजी अख्ख्या दौंड तालुक्यात सापडायचा नाही, आणि ते आयुष्यात एक दिवससुद्धा फौजेत नव्हते. फौजेत होती ती त्यांची बोट. लष्कर नदीवर तात्पुरते पूल टाकतं तेव्हा तराफे ओढायला बुटकी, दणकट टग बोट वापरतात. तसली एक टग मामांनी, म्हणजे ह्या सासऱ्यांनी, ऐन उमेदीत पुण्याच्या लिलावातून उचलली, ट्रकवर घालून भीमेकाठी आणली, मागं लोखंडी तराफा बांधला आणि ह्या काठाची माणसं त्या काठाला न्यायचा धंदा सुरू केला. बोट रिटायर झाली आणि मामा भरती झाले. गावात सगळे तिला मिल्ट्री बोट म्हणतात.

दर दिवाळीला तिला तोच हिरवा रंग. मामींनी एकदा हौसेनं पिवळी पट्टी सुचवली, तर म्हणाले, "ती काय टमटम हाय का?" तराफ्यावर चढण्याआधी सगळ्यांची रांग, माणसं, मोटरसायकली, शेळ्या. शेळ्या रांगेत राहत नाहीत हे त्यांना सांगायला कोण जाणार? एकदा वऱ्हाड चाललं होतं. नवरदेव तंबाखूची पिंक टाकायला गेला आणि ती नेमकी बोटीवर पडली. मामांनी भर पाण्यात इंजिन बंद केलं. मुहूर्त टळायला आला, वधूपिता पलीकडून हातवारे करतोय, पण नवरदेवानं बाशिंगासकट बोटीला हात जोडून "चुकलं" म्हटलं तेव्हाच इंजिन पुन्हा चालू झालं. सरपंचांना एकदा उशीर झाला आणि ते काठावरून हाका मारू लागले, तर मामा मागं न बघता म्हणाले, "फौज थांबत न्हाई." मी मूळचा शिरूरचा, दौंडला रेल्वेत नोकरी करतो. तालुक्यात काहीतरी वेळेवर सुटतं ह्याचंच मला भारी कौतुक वाटायचं.

मग पूल झाला. गावानं पेढे वाटले. दाजी, म्हणजे मामांचा मुलगा, भर टपरीवर वडलांना म्हणाले, "आता ही भंगारात द्या."

मामा चहाचा कप ठेवून उठले. "हिनं फौजेत पूल टाकल्यात पूल. आन् तिलाच पुलाचं भ्या दावता व्हय? ज्या दिशी एकबी माणूस येणार न्हाई, त्या दिशी मीच हिचा दोर भंगारवाल्याच्या हातात देतो. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

दाजींनी तो शब्द पक्का धरला. माणसं हळूहळू पांगली. आधी मोटरसायकली गेल्या, मग शेळ्या, शेवटी मासळीवाली बाईसुद्धा पुलावरून जायला लागली. सुट्टीला आलो की मीच जायचो. पलीकडं काडीचं काम नसायचं, चहा पिऊन परत यायचो. मामा विचारायचे, "कुठं निघालात पाव्हणं?" मी म्हणायचो, "काम आहे जरा." मग मला एकट्याला रांगेत उभं करायचे.

गेल्या महिन्यात एका सकाळी काठावर कुणीच नव्हतं. दाजींनी बोलावलेला भंगारवाला गॅस कटर घेऊन बसला होता. मी पुढं झालो, तर मामांनी हात आडवा धरला. "तुम्ही न्हाई पाव्हणं. तुमचं काम न्हाई तिकडं, मला ठावं हाय. खोटा माणूस धरायचा न्हाई." असला हट्टी म्हातारा! मामा खाली वाकून खरोखरच दोर सोडायला लागले.

तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून मामी आल्या, हातात पिशवी. ह्या बाई पाण्याला इतक्या घाबरतात की उभ्या जन्मात नवऱ्याच्या बोटीत बसल्या नव्हत्या. लेक पलीकडच्या गावात दिलेली, तिच्याकडंसुद्धा पूल व्हायच्या आधी लांबच्या वळशानं एसटीनं जायच्या.

"लेकीला बरं न्हाई," मामी म्हणाल्या. "रांग कुठनं करायची?"

"पुलावरनं जा की. तुला पाण्याचं भ्या वाटतंय."

"वाटू दे."

मामांनी हात धरून मामींना चढवलं आणि तराफ्यावर नाही, स्वतःच्या शेजारी बसवलं. मामींनी डोळे गच्च मिटून त्यांचा सदरा मुठीत पकडला. ती बोट एवढी सावकाश चाललेली मी कधी पाहिली नव्हती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

भंगारवाला उठला. "मग आज द्यायची न्हाई का?"

दाजी नदीकडं बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "आई पलीकडं गेलीय. तिला आणायला बोट लागंल."

भंगारवाल्यानं एकदा पुलाकडं पाहिलं आणि कटरची नळी गुंडाळायला घेतली.