सुतळीचं दुसरं टोक

फोकसकाकांना घरातून हलवायचं ठरलंय, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ते त्यांना टीव्हीच्या मापावरून कळलं. मी तिथंच उभी होते, हातात माझीच टेप होती, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, शिवणकाम करते. काका मला 'टेलरबाई' म्हणतात आणि त्यांना अख्खी इमारत फोकसकाका म्हणते. त्यांचा उभा जन्म थिएटरच्या केबिनमध्ये मशीन चालवण्यात गेला. चित्र जरा अंधुक झालं की खालचं पब्लिक 'फोकस, फोकस' म्हणून ओरडायचं. लोकांचं तोंड उघडायच्या आत आपला हात लेन्सवर गेलेला असायचा, असं काका सांगतात. खरंखोटं त्या मशीनला ठाऊक. पण अंधुक किंवा वाकडं काही त्यांना खपत नाही, हे मात्र खरं. जिन्यात कोणी भेटलं की आधी त्याच्या नाकावरचा चष्मा सरळ करणार आणि मग विचारणार, काय, बरं आहे ना? माझ्या शिलाई मशीनवरचा दिवा त्यांनी इतक्यांदा इकडचा तिकडे केला की शेवटी मी तो खिळे मारून पक्का केला.

थिएटर बंद पडलं तेव्हा कामगारांनी आठवण म्हणून कायकाय नेलं. कोणी खुर्च्या, कोणी पंखे. काकांनी केबिनचं दार मागून घेतलं. हिरवं, जाड, आणि त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'आत येऊ नये'. तोवर मुलाचं लग्न झालं होतं आणि घर म्हणजे एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. काकांनी खोली मुलाला आणि सुनेला दिली, स्वतःसाठी हॉलच्या मागच्या बाजूला प्लायवूडचं पार्टिशन घातलं आणि त्याला ते दार बसवलं. आत लोखंडी खाट, गेलेल्या बायकोचा फोटो आणि कपड्यांची एक खुंटी. घर काकांनीच घेतलेलं, पण हा मुद्दा त्यांनी कधी काढला नाही.

"घर सगळं देऊन टाकलंत आणि वर पाटी लावलीत, आत येऊ नये," मी चिडवायची.

"पाटीचं काय घेऊन बसलात, टेलरबाई? कडी आहे का बघा की."

कडी नव्हतीच. दार नुसतं ढकललं की उघडायचं. संध्याकाळी सगळे हॉलमध्ये टीव्ही बघायला बसले की काका दार अर्धं उघडं ठेवून खाटेवरून बघायचे. "चला, सोफ्यावर बसा," असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, मला केबिनमधूनच बघायची सवय आहे. आवाज कमीजास्त करायच्या सूचनाही तिथूनच यायच्या.

जुना टीव्ही एकदाचा बंद पडला तेव्हा मुलानं चहा पिता पिता म्हटलं, "बाबा, नवीन घेऊ या. पण साइज तुम्ही ठरवायचा. तुम्ही सांगाल तेवढाच आणू."

झालं. काकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. थिएटर सुटल्यापासून त्यांना कोणी त्यांच्या कामातलं काही विचारलंच नव्हतं. लगेच माझ्या दारात हजर.

"टेलरबाई, तुमचा तो कापणीचा तपकिरी कागद द्या. मोठा."

"कोणाचा फ्रॉक शिवताय?"

"भिंतीचा," काका म्हणाले.

काकांची पद्धत अशी. टीव्हीचे वेगवेगळे साइज कागदाचे कापायचे आणि एकेक करून भिंतीला चिकटवायचे. मग घरातल्या प्रत्येकानं आपापल्या रोजच्या जागी बसून त्या कोऱ्या कागदाकडे बघायचं. मान फिरवावी लागली तर कागद मोठा, पुढे झुकावंसं वाटलं तर लहान. त्यानंतर सुतळी. कागदाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरायची, तेवढ्याची दुप्पट घ्यायची आणि भिंतीपासून जमिनीवर सरळ ठेवायची. सुतळीचं दुसरं टोक येईल तिथं माणसानं बसावं. दुकानदार काहीही सांगोत, काकांचा हाच नियम.

मुलाला हा नियम लहानपणापासून पाठ. थिएटरमध्ये कुठल्या रांगेतून चित्र चांगलं दिसतं, हे काकांनी त्याला रिकाम्या थिएटरात सुतळीनं मोजून दाखवलं होतं. बापलेक वाकून मोजायचे आणि झाडूवाले हसायचे, हे काकांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल.

तर त्या दिवशी सगळे कोऱ्या कागदाकडे बघत बसले. सून हातातली भाजी निवडायची टाकून आली. मुलगा मोबाइल बाजूला ठेवून बसला. शेजारधर्म म्हणून मलाही एका खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, काका, मालिका फार संथ चाललीय. सगळे हसले. मुलगाही हसला. ते हसणं आठवलं की आता मला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

शेवटी त्रेचाळीस इंचांवर एकमत झालं. सुतळीचं टोक अगदी सोफ्याच्या काठाला आलं. काकांनी त्या कागदाभोवती भिंतीवर पेन्सिलीनं चार खुणा केल्या.

"आणि तुमची जागा?" मी विचारलं.

"मला काय, मी केबिनमधून बघणार. मी मागचं पब्लिक."

मुलगा उठून पाणी प्यायला गेला. तहान काय कोणालाही लागते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याच आठवड्यात एक सुतार येऊन गेला. सून म्हणाली, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, त्या बघायला बोलावलाय. काकांनी त्याला स्वतः चहा पाजला. दार किती जुनं, लाकूड किती चांगलं, सगळी कथा ऐकवली. सुतारानं दार ठोकून पाहिलं आणि पार्टिशनही ठोकून पाहिलं. काका खूश, की माणसाला कामाची कदर आहे.

मग टीव्ही आला. भरदुपारी दोघा माणसांनी खोकं हॉलमध्ये आणून भिंतीला टेकवलं. काकांनी हाक मारली म्हणून मी हातातली बाही तशीच टाकून गेले. खोक्यावर हा एवढा मोठा आकडा छापलेला. पासष्ट.

"गाढवांनी चुकीचा पाठवला," काका म्हणाले. सुनेनं आतून नुसतं "हो का?" म्हटलं. ती बाहेर आली नाही.

मी म्हटलं, परत पाठवा. पण काकांना नुसतं परत पाठवून समाधान कुठलं? मुलगा आला की त्याला दाखवायचं होतं, बघ, हा ठेवलास तर तुला कुठं बसावं लागेल. त्यांनी मला टेप आणायला लावली. माझी टेप साठ इंचांची. त्याहून मोठ्या मापाचं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलेलं नाही, पण टीव्ही भेटला. टेप संपल्यावर पुढचे पाच इंच सुतळीवर बोटानं धरून मोजले. काकांनी सुतळीला गाठ मारली, तेवढीच पुन्हा घेतली आणि भिंतीपासून जमिनीवर सोडत निघाले.

सुतळी सोफ्याच्या बाजूनं पुढे गेली. "बघा, सोफा तर मागेच राहिला," काका हसत म्हणाले. सुतळी पार्टिशनपाशी पोचली, तरी हातात शिल्लक होती. काकांनी हिरवं दार पायानं ढकललं आणि आत गेले. मी मागोमाग. सुतळी खाटेला टेकली, काकांनी ती वर घेतली, आणि तिचं दुसरं टोक गादीवर आलं. रोज चष्मा काढून ते जिथं बसतात, बरोबर तिथं.

"इथं बसून कोण बघणार?" काकांनी विचारलं. अजूनही ते हसतच होते. मग त्यांनी पार्टिशनकडे पाहिलं. मग दाराकडे, मग बिजागऱ्यांकडे. त्यांचं हसू कसं गेलं ते मी पाहिलं आणि मला पाहायचं नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पार्टिशन नसलं, खाट नसली आणि तिथं सोफा असला, तर पासष्टचं माप चोख होतं.

मी म्हटलं, "काका, उगाच मनाला लावून घेऊ नका. चुकलं असेल त्याचं."

"तो मापात चुकायचा नाही," काका म्हणाले. "मी शिकवलंय त्याला."

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा काका खाटेवर बसून होते आणि सुतळी भिंतीपासून त्यांच्या मांडीपर्यंत तशीच. मी घरी जायला हवं होतं. गेले नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. मुलानं आधी सुतळी पाहिली, मग बापाला. मग बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"चुकून मोठा आला का रे?" काकांनी विचारलं. त्याला एक वाट मोकळी करून दिली त्यांनी. बाप शेवटी.

"चुकून नाही, बाबा. मी मोजलं होतं. तुमच्याच पद्धतीनं."

"हं."

"हॉल मोठा करतोय. पाहुणे आले तर बसायलाही जागा नाही इथं. ताईनं तिच्या घरी तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय, खिडकीसुद्धा आहे. इथं तुम्हाला खिडकी तरी आहे का?"

"ताईला माहीत आहे?"

"तिच्याशी बोलूनच ठरवलं ना. सगळं नीट झालं की तुम्हालाही सांगणार होतो."

काकांनी सुनेकडे पाहिलं. ती ओट्याशी उभी राहून पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. म्हणजे मुलगा, सून, दुसऱ्या गावातली मुलगी, सगळ्यांना ठाऊक होतं. चहा पाजला त्या सुतारालासुद्धा. ज्याचं घर तोच तेवढा अंधारात.

"मग मला साइज कशाला विचारलास?" काकांचा आवाज वर गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं.

मुलगा बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून," तो म्हणाला.

याला म्हणतात केसानं गळा कापणं. सरळ म्हणाला असता, बाबा, जागा पुरत नाही, तर काका भांडले असते, रुसले असते आणि कदाचित स्वतःच उठून गेलेही असते. पण म्हाताऱ्याला कागद कापायला लावले, भिंतीवर खुणा करायला लावल्या, समोर बसून माना डोलावल्या. आपल्याला अजून कोणी विचारतंय म्हणून तो माणूस आठवडाभर जिन्यात शीळ घालत होता.

"दाराचं काय करणार?" काकांनी एवढंच विचारलं.

"सुताराला देऊन टाकलंय."

दुसऱ्या दिवशी मी काकांना माझ्याकडे बोलावून चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, घर तुमचं आहे, पाय रोवून बसा. बघू कोण हलवतं. ते माझ्या दिव्याकडे बघत बसले. खिळे मारलेले होते, म्हणून हात लावला नाही.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, टेलरबाई. कोणाला दुखवू?"

"त्यांनी विचार केला का तुमचा?"

"पावसापाण्याचं थिएटरात एकच माणूस यायचा, तरी मी पूर्ण पिक्चर दाखवायचो. मॅनेजर ओरडायचा, तरी. पण तो एक माणूस तरी खुर्चीत हवा ना? इथं तेवढाही नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मोठा फसलो हो. माझ्या हातानंच मला मोजून बाहेर काढलं." आणि माझ्यासमोर, कापडांच्या ढिगाऱ्यात बसून, ते रडले. मी मशीन चालूच ठेवली. आवाज तरी झाकला जावा.

रविवारी पार्टिशन निघालं. दार खाली नेताना सुतार जिन्यात मला म्हणाला, लाकूड खरंच चांगलं आहे. मी भिंतीला सरकून त्याला वाट दिली. काकांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. सामान म्हणजे एक बॅग आणि बायकोचा फोटो. फोटो गुंडाळायला मी कागद शोधत होते, तर काकांनी त्रेचाळीस इंचांचा तो तपकिरी कागदच पुढे केला. फोटोला तो चारदा गुंडाळून पुरला.

त्याच रविवारी दुपारी टीव्ही भिंतीवर चढला. काकांच्या पेन्सिलीच्या खुणा त्याच्या पाठीमागे कुठल्या कुठे बुडून गेल्या. सोफा मागे सरकला, खाट होती तिथं. चित्र सुरू झालं आणि मुलगा रिमोटची बटणं दाबत बसला. त्याचं काही समाधान होईना. शेवटी त्यानं हाक मारली. मला वाटलं होतं, निदान हे तरी तो करणार नाही.

"बाबा, जरा बघता का? बरोबर दिसतंय ना?"

मी मनात म्हटलं, काका, खोटं बोला. सांगा, डोळे फुटतील. सांगा, वाकडं आहे. एवढं एक तरी करा. काका हॉलच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले, सुतळी जिथं संपली होती तिथंच. त्यांनी चष्मा पुसला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मुलाकडून रिमोट घेऊन उजेड थोडा कमी केला आणि रिमोट त्याच्या हातात परत दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माप अगदी बरोबर घेतलंस."

मुलाचा चेहरा उजळला. त्यानं लगेच बहिणीला फोन लावला. "हो गं ताई, झालं सगळं. उगाच घाबरत होतो आपण. बाबांना पटलंय."

काका ते ऐकत होते. त्यांचं काम झालं होतं, म्हणून सवयीनं मागे वळले आणि आत जायला दार ढकलावं तसा त्यांनी हात पुढे केला. हात रिकाम्या हवेतून पलीकडे गेला आणि ते एक पाऊल अडखळले. मी हात धरला आणि त्यांना माझ्या घरी घेऊन आले.