मामीच्या आवाजाला कुलूप

आमचे सिद्रामप्पा मामा कुणावर विश्वास ठेवतील तर शपथ. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांनी उभं आयुष्य मापाडी म्हणून घालवलं. पोत्याच्या तोंडाशी टपोरी तूर आणि बुडाला खडे, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं, की पुढेपुढे माणसांकडेही ते तसंच बघायला लागले. "वरचा माल सगळेच चांगला दाखवतेत. बूड बगावं," हे त्यांचं पालुपद. माझ्यासाठी मुलगी बघायला त्यांना नेलं, तर त्यांनी मुलीला एक प्रश्न विचारला नाही. पाणी पिऊन उठले, शेजारच्या घरात शिरले आणि तिथे सगळी चौकशी करून आले. लग्न झालं, पण ते शेजारी जाणं माझ्या सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

मी त्यांचा सख्खा भाचा. उदगीरातच माझं खताचं दुकान आहे, त्यामुळे मामांना संशय आला की तो सांगायला ते पहिल्यांदा माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात असेच आले. पोत्यांच्या थप्पीवर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रुद्र्या, घरात कोण तर सीड्या नासवून राहिलंय."

या सीड्या म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमची दानम्मा मामी गायची. शिवनाम सप्ताहात बायकांच्या भजनात ती उभी राहिली की मंडपाबाहेर चहा पीत बसलेले पुरुष आत यायचे. आवाज भरदार, जरासा जाड. मकसूद शूटिंगवाला दरवर्षी सप्ताहाला मंडळाच्या हार्मोनियमशेजारी आपला माईक ठेवायचा आणि सगळं झालं की एक सीडी करून मामीच्या हातात द्यायचा. अशा बऱ्याच साठल्या. मग मामीच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. आता ती बोलते तेव्हा नुसती हवा येते. आपला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. तिचा खरा आवाज राहिला तो त्या सीड्यांत. मामा दर सोमवारी लिंगपूजा झाली की एक सीडी लावतात आणि डोळे मिटून बसतात. मामी स्वयंपाकघराच्या दाराशी गहू निवडत ऐकते. हे घरात कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, पण सोमवार चुकत नाही.

आणि आता एकेक सीडी अडखळायला लागली होती. आधी तीच ओळ पुन्हा पुन्हा, मग खर्र, मग गप्प. मामीचा आवाज दुसऱ्यांदा चालला होता आणि या खेपेला कुठल्या डॉक्टरचं काही चालणार नव्हतं. मला ऐकून खरोखर वाईट वाटलं. मी म्हणालो, "मामा, ज्या चांगल्या आहेत त्या पेन ड्राइव्हमध्ये घेऊन टाकू."

"म्हंजे कॉम्प्युटरवाल्याच्या हातात द्यायच्या?" मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या कॉम्प्युटरवाल्याशी माझं आधीच ठरलंय. "आन् ती बोटाएवढी वस्तू. खिशातून कवा पडंल, कळायचं बी न्हाई."

पहिला संशय मकसूदवर गेला. मी सोबत होतो म्हणून सांगतो, इतका लाजलो मी कधी नव्हतो. मामांनी त्याच्या दुकानात खुर्चीवरसुद्धा न बसता विचारलं, "कोऱ्या सीड्या हलक्यातल्या आणल्या हुत्यास का?"

मकसूद हसला. "सिद्रामप्पाभाऊ, माझ्या शहजादीच्या शादीची सीडी बी त्याच डब्यातली हाय. अजून चालून राहिली. कॉम्प्युटर तेवढा भंगारात गेला, न्हाईतर तुमाला लगेच दुसऱ्या करून दिल्या असत्या."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "कॉम्प्युटर भंगारात गेला म्हनतो. कोन बगितलं?"

मग उंदरांचा नंबर लागला, मग भिंतीच्या ओलीचा. उंदीर सीडी खात नाही आणि मामांच्या भिंतीला ओल नाही. शेवटी मामांनी ठरवलं, की सीड्यांना चांगली पेटी पाहिजे. धूळ जाणार नाही, हात जाणार नाही, कुलूप लागेल अशी. आता मला सांगा, आजच्या दिवसांत सीडीच कुणी विकत नाही, तर सीडीची पेटी कोण ठेवतो? पण मामांना नाही म्हणणं म्हणजे आपलं नाव संशयितांत घालून घेणं. एसटीत बसून आम्ही लातूर गाठलं.

गंजगोलाईत फिरून फिरून पायांचे तुकडे पडले. एका दुकानदाराने माळ्यावरून एक चेनची बॅग काढली. आत वहीसारखी प्लास्टिकची पाकिटं, एकेका पाकिटात एकेक सीडी. मला आवडली. मामांनी एक पाकीट दोन बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं, आणि दुकानदाराला विचारलं, "उन्हाळ्यात हे चिकटतंय का?"

"नाही हो काका."

"तुमी एक उन्हाळा ठेवून बगितलाव का?"

मामांनी बॅग उलटी करून झटकली, चेन मागंपुढं ओढली, आणि म्हणाले, "चेनला कुलूप कुठं लावायचं? आन् बाजूनं ब्लेड मारलं तर?" उदगीरमध्ये भजनाच्या सीड्या चोरायला ब्लेड घेऊन कोण फिरतंय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

पुढच्या आठवड्यात नांदेड. वजिराबादच्या बाजूला लग्नातल्या डीजेंना सामान देणारा एक जण आहे, असं मकसूदनंच सांगितलं होतं. त्यानंच पत्ता दिला म्हणून मामा वाटेत दोनदा म्हणाले, "ह्यात त्याचा काय फायदा आसंल?" तिथे मात्र पाहिजे तशी पेटी मिळाली. अॅल्युमिनियमची, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, आत काळा फोम, त्यात सीड्या उभ्या राहतील अशा खाचा आणि पुढं किल्लीचं कुलूप. दुकानदार तिच्यावर चढून उभा राहिला, तरी ती दबली नाही. मामांना वरचा माल दाखवून काय उपयोग? त्यांनी सरळ आत हात घातला आणि बुडाचा फोम उचकटला. खाली जाड पुठ्ठा निघाला. दुकानदार ओरडायला लागला, मी मध्ये पडलो. मामा मात्र पहिल्यांदाच खूश दिसले. खोट सापडली की त्यांना बरं वाटतं. नाही सापडली तर रात्रभर झोप येत नाही. "पुठ्ठ्याच्या जागी पत्रा घालून दे," म्हणाले, आणि त्यानं पत्रा घालून ठोकेपर्यंत तिथून हलले नाहीत.

पेटी घरी आली. चांगल्या राहिलेल्या सीड्या खाचांत बसल्या. किल्ली मामांच्या गळ्यात, इष्टलिंगाच्या दोऱ्याला. झोपतानासुद्धा ती तिथंच. दुसरी किल्ली? ती त्यांनी माझ्यादेखत दुकानातच मोडायला लावली होती. नवरात्र आलं, खंडेनवमीला पेटीची, आतल्या सीड्यांची पूजा झाली, दसरा झाला. मीही सुटलो म्हणून देवाचे आभार मानले.

नंतरच्या सोमवारी सकाळी मला फोन. "ये. आत्ता ये." आवाज असा होता, की मी दुकान उघडं टाकून धावलो.

जाऊन बघतो तर सगळ्यात चांगली सीडी, ज्या वर्षी मामी पहाटेपर्यंत एकटी गायली होती त्या वर्षीची, दसऱ्याआधी खणखणीत वाजलेली सीडी, आज तिसऱ्याच ओळीला अडकली होती. समोर त्यांच्या मुलाची, वीरेशची बायको अंजू उभी होती, चेहरा लाल, हातात पोळीचं पीठ तसंच.

"किल्ली माझ्या गळ्यात. मग पेटी उगडली कोन?" मामा माझ्याकडे वळून बोलत होते, पण ते तिच्यासाठी होतं. "घरात दिवसभर कोन आसतंय? वीरेश तर दुकानावर जातो."

"अप्पा, सरळ नाव घ्या की माझं," अंजू म्हणाली. तिचं माहेर देगलूरचं, ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. "तुमच्या पेटीला हात लावला आसंल तर हात झडू दे माझा. आन् तुमाला तसं वाटून राहिलं, तर मी आज माहेरी जाते. ह्या घरात चोर म्हणून मी राहणार न्हाई."

"जा," मामा म्हणाले.

ते एक अक्षर ऐकलं आणि मला मामांची चीड आली. पण मी काही बोलायच्या आत मामी उठली. तिनं देव्हाऱ्यातली विभूतीची वडी घेतली, वाटीतल्या पाण्यात तीन बोटं बुडवली, वडीवर घासली आणि बिघडलेल्या एका सीडीच्या चकाकत्या बाजूवर तीन पट्टे ओढले. थोडं वाळू दिलं. मग मामांच्या धोतराचा सोगा धरला आणि ती सीडी गोल गोल, दाबून पुसली. खिडकीच्या उजेडात धरली. जुन्या ओरखड्यांवर नवे बारीक ओरखडे लख्ख दिसत होते.

मला मग हळूहळू उलगडलं. मोंढ्यात होते तोवर मामा खंडेनवमीला पूजेसाठी तराजू पाटावर मांडायचे. पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले, तराजू गेला. पाट रिकामा कसा ठेवायचा, म्हणून ते सीड्या मांडायला लागले. नाव लिहिलेली बाजू ती पाठ, चकाकते ते तोंड, आणि विभूती कुणी पाठीला लावतं का? म्हणून दरवर्षी ते एकेका सीडीच्या तोंडाला तीन बोटं ओढत होते आणि दुसऱ्या दिवशी धोतरानं घासून स्वच्छ करून ठेवत होते. लातूर पालथं घातलं, नांदेड पालथं घातलं आणि चोर काखेत.

मामांचा आवाज एकदम खाली आला. "तुला ठावं हुतं?"

मामीनं होय म्हणून मान हलवली.

"मग सांगितली कामून न्हाईस?"

मामी बोलायला लागली तसे आम्ही सगळे जवळ सरकलो, अंजूसुद्धा. त्या हवेतून शब्द येत होते. "गात हुते तवा एकदा तरी चांगलं म्हनलाव का? लोकं म्हनायचे. तुमी भायेर चहा पीत बसायचाव. आवाज गेल्यावर बी म्हनला न्हाईत. पर नवमीला माझ्या आवाजापुढं हात जोडायचाव. वर्सातून एक दिस. मला ते पायजे हुतं. सीड्या गेल्या तर जाऊ द्या म्हनलं." ती थांबली, दम घेतला. "आज पोरीचं नाव घेतलाव. न्हाईतर आज बी बोलले नसते."

मामांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली सोडवायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना. शेवटी दाताने तोडली आणि अंजूपुढं धरली. "चुकलं माझं," म्हणाले. अंजूनं ती लगेच घेतली नाही. पिठाचे हात पदराला पुसले, त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि मग घेतली.

मामा जाऊन मामीशेजारी भुईवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तिच्याजवळ एवढं सरकून बसलेलं बघितलं. "ती तिसरी ओळ," ते म्हणाले, "जिथं अडकली. ती म्हन."

मामीनं मान नाही म्हणून हलवली. ते तसेच बसून राहिले, कान तिच्या तोंडाशी नेऊन. बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलले. आम्हाला काही ऐकू आलं नाही. ते जे काय होतं ते फक्त मामांच्या कानात गेलं. त्यांचे डोळे भरून आले.

"चांगलं म्हनलीस," ते म्हणाले.

मामी मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहिली. पोत्याच्या बुडाशी हात घालून बघावा, तशी.

"खरं म्हनून राहिलाव?" तिनं विचारलं.